वास्तववादाचा विशेषाधिकार : 'दीवार', 'सिंहासन' आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक

मराठी समीक्षेने चित्रपटाकडे फारसे लक्ष दिले नाही, असे म्हणण्याची रीत आहे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. लक्ष दिले नाही हे खरे. निकाल मात्र दिला. १९७५ साली आलेला यश चोप्रा यांचा 'दीवार' आणि १९७९ साली आलेला जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' यांच्याविषयीचा निकाल तर इतका पक्का झाला आहे की त्याची कारणे विचारण्याची गरजही कोणाला भासत नाही. 'सिंहासन' वास्तववादी, म्हणून गंभीर, म्हणून अभ्यासाचा विषय. 'दीवार' अतिनाट्यात्म, म्हणून धंदेवाईक, म्हणून फार तर समाजशास्त्राने हाताळावा असा नमुना. या मांडणीतील एकही 'म्हणून' तर्काच्या कसोटीला उतरत नाही. तरीही ती टिकून आहे, कारण तिच्यामागे तर्क नसून अभिरुचीची प्रतिष्ठा आहे. आणि प्रतिष्ठेला पुरावा द्यावा लागत नाही.

हा निकाल जेथे तयार झाला तेथेच बसून तो तपासता येणार नाही. मुंबई-पुण्याच्या फिल्म सोसायट्यांनी आणि वृत्तपत्रीय परीक्षणांनी घडविलेली नजर स्वतःकडे पाहू शकत नाही. त्यासाठी जागा बदलावी लागते. भंडारा-पवनी रस्त्यावरचे अड्याळ हे गाव घ्यावे. मुलूख धानाचा, बोली झाडीची, मुंबई सुमारे ९०० किलोमीटरवर. या गावातून मराठीच्या पदव्युत्तर वर्गात येणारी एक विद्यार्थिनी कल्पावी. तिने हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री घरी पाहिले आहेत आणि त्यांची तुलना करावयास बसली आहे. तिच्यापाशी दोन प्रकारची सामग्री आहे. एक वर्गाने दिलेली : वास्तववाद, रूपबंध, एकात्मता, संयम. दुसरी तिने लहानपणापासून मिळविलेली : दिवाळीनंतरच्या मंडईत आणि शंकरपटाच्या निमित्ताने, थंडीत कुडकुडत, पहाटेपर्यंत पाहिलेली झाडीपट्टीची नाटके. पहिली सामग्री वापरावयाची तर दुसरी विसरावी लागेल, असे वर्ग तिला न बोलता सांगत असतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. हे दोन चित्रपट नीट वाचावयाचे असतील तर दुसऱ्या सामग्रीवाचून चालणार नाही आणि पहिलीतील बरेच काही टाकून द्यावे लागेल.

प्रथम दोन्ही चित्रपटांत समान काय आहे ते पाहावे, कारण रूढ निकालाने तेच झाकले आहे. दोन्ही चित्रपट सत्तरीच्या दशकातील मुंबईचे आहेत. दोहोंत तस्करी आहे, कामगार संघटना आहे, संघटनेच्या नेत्याची कोंडी किंवा सौदा आहे आणि कायद्याचे राज्य नावाच्या गोष्टीवरचा उडालेला विश्वास आहे. दोन्ही थरारपट आहेत. 'सिंहासन'चा प्रारंभ मुख्यमंत्र्यांना आलेल्या एका निनावी दूरध्वनीने होतो : त्यांच्याविरुद्ध कट शिजतो आहे. तेथून पुढे कोण, कोणाबरोबर, कोणाविरुद्ध हे कुतूहल शेवटपर्यंत ताणलेले राहते. कटाचा शोध हे रहस्यकथेचे जुने यंत्र आहे. ते मंत्रालयाच्या दालनांत बसविले की त्याला राजकीय जाणीव म्हणावयाचे आणि गोदीच्या गोदामात बसविले की मारधाड म्हणावयाचे, हा भेद यंत्राचा नसून इमारतीचा आहे.

आता भेद. 'सिंहासन'ची पटकथा विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या दोन कादंबऱ्यांवरून रचली. साहित्याशी असलेले हे नातेही त्याच्या प्रतिष्ठेचे एक कारण आहे. 'दीवार' सलीम-जावेद यांनी थेट पडद्यासाठी लिहिला. त्याचे पूर्वज 'मदर इंडिया' (१९५७) आणि 'गंगा जमुना' (१९६१) हे चित्रपटच आहेत. म्हणजे एकाची वंशावळ छापील, दुसऱ्याची चित्रित. छापील वंशावळीला वजन अधिक, हा साहित्याच्या प्राध्यापकाचा संस्कार समजण्यासारखा आहे. पण संस्कार म्हणजे निकष नव्हे.

वास्तववादाचा दावा करणाऱ्या संहितेला दोन प्रश्न विचारावे लागतात : येथे पाहतो कोण, आणि कथेला वळण देण्याची शक्ती कोणाच्या हाती आहे? 'सिंहासन'मध्ये पाहतो तो दिगू टिपणीस, राजकीय वार्ताहर. निळू फुल्यांनी ही भूमिका अशा निगुतीने केली आहे की त्याच्या पाहण्यातील थकवा प्रेक्षकाच्या अंगात उतरतो. कथेला वळण देतात मुख्यमंत्री (अरुण सरनाईक), त्यांना खाली खेचू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) आणि या दोघांनाही हवा असलेला कामगारनेता डिकास्टा (सतीश दुभाषी). कामगार येतात, पण ते डिकास्टाच्या शब्दाचे वजन म्हणून येतात. जे तुरळक चेहरे मोर्च्याबाहेर दिसतात त्यांच्या हाती कथेचा एकही दोरा नाही. संप हा येथे पटावरचा मोहरा आहे. कामगाराला संप का हवा असतो, त्यासाठी त्याला काय गमवावे लागते, हे या चित्रपटाच्या ज्ञानकक्षेत येत नाही; कारण ते दिगूच्या बातमीच्या कक्षेत येत नाही.

याला वास्तव म्हणावयाचे असेल तर ते दालनाचे वास्तव आहे. इतिहासाने त्याची मर्यादा लवकरच दाखवून दिली. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचे वैशिष्ट्य असे की कामगारांनी नेत्याला संपात ओढले. नेत्याने कामगारांना नव्हे. ज्या चित्रपटाने संपाची दोरी नेहमी नेत्याच्या बोटांत दाखविली, तो तीनच वर्षांनी आलेल्या या घटनेपुढे अपुरा ठरतो. तो भविष्य सांगू शकला नाही, हा आक्षेप नाही. ज्या वर्तमानाविषयी तो जाणतेपणाने बोलत होता, त्या वर्तमानाचा अर्धा भाग त्याला दिसत नव्हता, हा आक्षेप आहे.

'दीवार'मध्ये पाहण्याची जागा वेगळी आहे. तेथेही प्रारंभी संघटना आहे. आनंदबाबू हा कामगारांचा नेता. बायको-मुलांच्या जिवाची धमकी देऊन मालक त्याच्याकडून सही घेतात. कामगार त्याला गद्दार ठरवितात आणि त्याच्या थोरल्या मुलाच्या हातावर बापाच्या चोरीचा शिक्का गोंदवून टाकतात. येथून पुढे विजयचे सारे आयुष्य त्या गोंदणाचा विस्तार आहे. अतिनाट्य म्हणून ज्याची हेटाळणी होते ते हेच : सामाजिक अन्याय शरीरावर कोरला जातो, बिल्ल्याच्या क्रमांकात साठतो, आईच्या मांडीवर संपतो. पण हे तंत्र अज्ञानातून आलेले नाही. अतिनाट्याविषयीच्या आपल्या १९७६ च्या ग्रंथात पीटर ब्रुक्स यांनी दाखविले आहे की, धर्माने दिलेली नैतिक व्यवस्था कोसळल्यानंतर नीती-अनीतीचा झगडा दृश्यमान करण्यासाठी आधुनिक काळाने घडविलेली ती एक वाचनपद्धती आहे. अतिशयोक्ती हा तिचा दोष नव्हे; ती तिची भाषा आहे.

अड्याळच्या विद्यार्थिनीला हे ब्रुक्सकडून शिकावे लागत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात दोन भावांतील दुरावा, खचलेली आई, सावकार, दारू, शेत, मध्येच विनोदी जोडीचा धुडगूस, मध्येच लावणी आणि पुन्हा रडविणारा प्रवेश हे सारे एका रात्रीत, एकाच मांडवाखाली घडते. तेथील प्रेक्षक रडतो तेव्हा तो फसलेला नसतो. संकेत कोणता आणि वस्तुस्थिती कोणती, हे त्याला पुरते ठाऊक असते. धानाची मळणी आटोपून पैसे मोजून तो मांडवात आलेला असतो. मंदिराच्या पायऱ्या न चढणारा विजय अखेरीस मंदिरातच आईच्या मांडीवर प्राण सोडतो, हे त्याला योगायोग वाटत नाही. कथेने घेतलेले कर्ज फिटले असे वाटते. समीक्षकाला मात्र तेथे अविश्वसनीयता दिसते. या प्रसंगी अडाणी कोण, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

येथवर वाचून कोणी असे समजेल की रूढ निकाल उलटा करून 'दीवार'ला श्रेष्ठ ठरवावयाचे आहे. तसे करणे सोपे आहे आणि गेल्या काही दशकांत लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाच्या नावाखाली ते पुष्कळदा झालेही आहे. 'दीवार' निरपराध नाही. आणीबाणी जाहीर होण्यापूर्वी पाच महिने, १९७५ च्या जानेवारीत तो प्रदर्शित झाला. त्यात पोलीस अधिकारी झालेला रवी (शशी कपूर) पाव चोरून पळणाऱ्या मुलावर गोळी झाडतो. मग तो त्याच मुलाच्या घरी जातो आणि निवृत्त शिक्षक असलेला बाप त्याला कर्तव्याचा धडा देतो. भुकेल्या मुलावर चाललेल्या गोळीला मुलाच्या बापाकडूनच मान्यता मिळविण्याची ही युक्ती अत्यंत कुशल आणि तितकीच भयंकर आहे. पुढे आई स्वतः रवीच्या हाती पिस्तूल देते आणि मग थोरल्याची वाट पाहण्यासाठी मंदिरात जाते. राज्यसंस्थेची हिंसा आईच्या हातून पवित्र होते. शिवाय जी संघटना प्रारंभी मोडली गेली तिचे नाव पुढे कोणी काढत नाही. गोदीतल्या हमालांचा प्रश्न एका हमालाच्या उन्नतीत विरघळून जातो. संघटनेचा मृत्यू कुटुंबाच्या शोकात बुडविणे ही अतिनाट्याची खरी लबाडी आहे. तिच्यावर टीका व्हावयास हवी होती. समीक्षेने ती केली नाही. तिने गाणी, योगायोग आणि संवादफेक यांवर नाके मुरडली. तुच्छतेने पाहणाऱ्याला दोषही नीट दिसत नाहीत.

मग हे दोन चित्रपट श्रेष्ठ ठरतात ते कोठे? उत्तर चमत्कारिक आहे, पण दोन रात्री लागोपाठ पाहिल्यास ते टाळता येत नाही. प्रत्येक चित्रपट जेथे आपल्या प्रकाराची शिस्त मोडतो तेथे तो सर्वाधिक खरा होतो. 'दीवार'मधील सर्वांत अविस्मरणीय भाग गोदीतला आहे. हमालांना मजुरी मिळते, तेथेच, त्याच क्षणी गुंडांची माणसे हप्ता कापून घेतात. एक नवखा पोरगा नकार देतो आणि जीव गमावतो. रांग पुन्हा मुकाट्याने पुढे सरकते. मजुरी, हप्ता, रांग, भीती : श्रमाच्या अर्थव्यवहाराचे इतके नेमके चित्र त्या दशकातील 'समांतर' म्हणविणाऱ्या चित्रपटांतही क्वचितच सापडेल. अतिनाट्याने येथे काही क्षण श्वास रोखून वास्तववादाला जागा दिली आहे.

'सिंहासन'मध्ये याच्या नेमके उलट घडते. कृष्णधवल छायाचित्रण, दालने, गाड्या, दूरध्वनी, दबलेले संवाद अशा कडक शिस्तीत तो चालतो. पण सारे कळूनही काही करता येत नाही या टोकाला दिगू पोहोचतो, तेव्हा वास्तववादापाशी शब्द उरत नाहीत. दिगूचे भान सुटते. रस्त्यावर त्याचे वेडे हसू फुटते. अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांचीही मदत या चित्रपटाला घ्यावी लागली आहे. वेड आणि गाणे हे अतिनाट्याचे दोन सर्वांत जुने आधार. आणि हे वेड साकारण्यासाठी जो नट लागला तो लोकनाट्यात तयार झालेला निळू फुले होता, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. त्या हसण्यात जे सामर्थ्य आहे ते दालनाच्या निरीक्षणातून येत नाही, फडाच्या परंपरेतून येते. ज्या घटकाला समीक्षा 'दीवार'मध्ये दोष म्हणते, त्याच्याच खांद्यावर 'सिंहासन'चा शेवट उभा आहे.

हे समीक्षेला का दिसले नाही? कारण तिच्या हाडीमांसी एकसंधतेचा हट्ट मुरला आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवादलय, विरोधलय आणि समतोललय यांची मांडणी केली. तिच्यात विरोधालाही स्थान होते. परंतु पुढील पिढ्यांच्या हाती तिचे सार एवढेच उरले की कलाकृती एकजिनसी असावी. या एका आग्रहाने कथेत मध्येच गाणे घालणारे, रडविता रडविता हसविणारे, उपदेश आणि थट्टा एका ताटात वाढणारे सारे प्रकार आपोआप खालच्या पायरीवर गेले. तमाशा गेला, दंडार गेली, खडी गंमत गेली. देशीवादाची चर्चा चार दशके झाली. पण त्या चर्चेतही, अपवाद वगळता, रात्रभर चालणाऱ्या या जिवंत, पैसे देऊन पाहिल्या जाणाऱ्या रंगभूमीला निकष घडविण्याचा अधिकार मिळाला नाही. तिची नोंद लोकसाहित्य म्हणून झाली, म्हणजे तिला संग्रहालयात जागा मिळाली. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शासनाच्या नजरेला जे दिसले, ते समीक्षेच्या नजरेला अजून दिसावयाचे आहे.

दोन्ही चित्रपटांचे एक समान मौन मात्र झाडीपट्टीच्या प्रेक्षकाच्या नावाने झाकता येणार नाही. ते मौन जातीविषयीचे आहे. १९७२ मध्ये याच मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याची प्रस्तावना तेंडुलकरांची आहे. म्हणजे 'सिंहासन'च्या पटकथाकाराने ती दुसरी मुंबई पाहिली होती, तिच्यापुढे आपली मध्यमवर्गीय भाषा थिटी पडते याची कबुलीही त्याच्या लेखनाला परकी नव्हती. १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटील यांचे सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. कादंबऱ्या आधीच्या आहेत, हे मान्य. पण चित्रपट १९७९ चा आहे. त्यात जात आडनावांवरून ओळखता येते, संघर्षातून मात्र ती सत्तेच्या पटावर येत नाही. 'दीवार'मध्ये रहीमचाचाने सांगितलेल्या ७८६ क्रमांकाच्या बिल्ल्याला भाग्याचे स्थान मिळते, पण फुटपाथवर झोपणाऱ्या या कुटुंबाला जात नाही. एकाने जात वास्तवाच्या नावाने गाळली, दुसऱ्याने कुटुंबाच्या नावाने. वास्तववादाचा विशेषाधिकार मान्य करणाऱ्या समीक्षेला हा प्रश्न एका चित्रपटालाच विचारता येतो. दुसरा तिच्या लेखी प्रश्न विचारण्याच्या योग्यतेचाच नसतो. परिणामी दोघेही सुटतात.

या चर्चेत मराठी साहित्याचे काय पणाला लागले आहे ते जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकावरून कळते. संपानंतरच्या गिरणगावातील एका घरात आई आहे, गुन्हेगारीकडे गेलेला मुलगा आहे, संपात होरपळलेला जावई आहे. 'दीवार'चे कुटुंब आणि 'सिंहासन'चे राजकारण येथे एका खोलीत आले आहे. संपाचा हिशेब आईच्या आक्रोशावाचून मांडता येत नाही आणि आईचा आक्रोश संपाच्या हिशेबावाचून कळत नाही. ज्यांनी अतिनाट्य आणि वास्तव यांच्यामध्ये भिंत बांधली आहे त्यांना या नाटकाचे मोठेपण 'भेदक वास्तवदर्शन' या दोन शब्दांत उरकावे लागते. ते नाटक त्या भिंतीलाच भगदाड पाडते, हे सांगण्याची भाषा त्यांच्यापाशी नाही.

एक आक्षेप अपेक्षित आहे : 'सिंहासन' प्रेक्षकाला शहाणा करतो, 'दीवार' त्याला गुंगवितो. पण हे शहाणपण नेमके कोणते? चित्रपट संपतो तेव्हा सत्ता होती तेथेच आहे, आणि सगळे राजकारणी एका माळेचे मणी आहेत हे प्रेक्षकाला पटलेले आहे. हे पटणे फार सुखाचे असते. आपण फसलो नाही, हे समाधान त्यात असते आणि काही करावयाचे नाही, ही सवलतही असते. दिगूने जाणतेपणाची किंमत भान गमावून चुकती केली. त्याचे कौतुक करणाऱ्या वर्गाने ती कधी चुकती केली नाही. जाणतेपणाचीही एक गुंगी असते आणि ती अश्रूंच्या गुंगीपेक्षा उतरावयास अवघड असते.

म्हणून मागणी साधी आहे. वास्तववाद हा श्रेष्ठत्वाचा दाखला म्हणून वापरणे बंद करावे. तो अनेक रीतींपैकी एक रीत आहे, असे धरून त्याचीही झडती घ्यावी. अतिनाट्याला माफ करू नये, पण त्याची भाषा शिकल्यावाचून त्याच्यावर खटला भरू नये. आणि पदव्युत्तर वर्गात कलाकृतींची तुलना करावयास सांगताना विद्यार्थ्याने आपल्या मुलखातील पाहण्याची रीत दाराबाहेर ठेवून यावी, ही न लिहिलेली अट काढून टाकावी.

अड्याळच्या त्या विद्यार्थिनीला आजवर एवढेच शिकविले गेले की 'दीवार' पाहताना डोळ्यांत पाणी आले असेल तर ते उत्तरपत्रिकेत लिहावयाचे नसते. ते तिने लिहावे. पाणी कोठे आले, गोदीतल्या रांगेपाशी की मंदिराच्या पायरीपाशी, हे नेमके लिहावे; आणि दिगू हसला तेव्हा हसू का आले नाही, हेही लिहावे. तुलनेचा आरंभ तेथून होतो. आजवर झाली ती तुलना नव्हती. ती प्रवेशपरीक्षा होती.